उभी पाटी

उपासना मेश्रामने आपल्या नावाची पाटी उभी केली, तेव्हा बाराला सात मिनिटं कमी होती. शेजारी बसलेल्या पुरुषोत्तमकाकांनी ती दोन बोटांनी हलकेच आडवी केली.

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी, विद्यापीठाच्या त्या हॉलमध्ये अमेरिका आणि तिच्या एका वैरी देशाचे शास्त्रज्ञ दहा दिवस समोरासमोर बसले होते. उद्या युद्ध पेटलंच, तर निदान नद्या, जंगलं, पाऊस यांना हत्यार करायचं नाही, एवढं ठरवण्यासाठी. रीत मोठी शहाणी होती. मसुदा वाटायचा आणि गप्प बसायचं. बारापर्यंत एकही पाटी उभी राहिली नाही, की मसुदा मंजूर. म्हणजे जगाचं भलं करायला फक्त तोंड बंद ठेवायचं होतं, आणि ते बाकी सगळ्यांना छान जमत होतं.

उपासनाला चौथ्या पानावरचं एक वाक्य गिळवत नव्हतं. तीनशे चौरस किलोमीटरहून लहान जागेतलं पाणी नासवलं, तर तो करारभंग धरायचा नाही. समोरच्यांनी हा आकडा मागितला होता आणि अमेरिकेनेही तो आढेवेढे न घेता दिला होता. पळवाट दोघांनाही हवी होती.

"अगं, धरणं वाचली, जंगलं वाचली," काका हळूच म्हणाले. "आता विहिरींपायी अख्खं डील कॅन्सल करायचंय का तुला?"

काका मनाने वाईट नव्हते. अमेरिकेच्या तज्ज्ञांचे ते प्रमुख; या खुर्चीसाठी तिचं नाव त्यांनीच सुचवलं होतं. तिच्या इथल्या पहिल्या थंडीत कोटही त्यांनीच घेऊन दिला होता. पाटी उभी राहिली, तर पुढच्या फेरीत ही खुर्ची तिची नसणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिला भीती वाटत होती. भीतीपेक्षा राग जास्त येत होता.

तिने पाटी पुन्हा उभी केली. काकांचा हात पुढे आला, तशी तिने ती मुठीत घट्ट धरली.

अध्यक्षबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग नाइलाजाने तिच्याकडे. तीनशे जास्त वाटत असतील, तर डॉक्टर मेश्राम यांचा आकडा काय, असं त्यांनी विचारलं.

"चौदा फूट," उपासना म्हणाली.

हेडफोनमधून भाषांतर पोचायला एक क्षण लागला. मग समोरच्या रांगेत कुणीतरी हसलं. ते हसून होईपर्यंत ती थांबली.

"माझ्या आजीच्या वस्तीतली विहीर चौदा फूट रुंद होती. गावाने एकदा तिच्यात रॉकेल ओतलं. अख्खा उन्हाळा वस्तीने पाण्यावाचून काढला. विहिरीला वगळणाऱ्या कागदावर मी गप्प बसणार नाही."

आता कुणी हसलं नाही. अध्यक्षबाईंनी हरकत नोंदवून घेतली. मसुदा अडला.

काकांनी समोरचा मसुदा मिटून ठेवला. मग तिलाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पंधरा वर्षं घरी येतेयस. हे कधी बोलली नाहीस."

"तुम्ही गाव विचारलं होतंत, काका," ती म्हणाली. "वस्ती कधीच विचारली नाहीत."