बाळाच्या पाण्यातलं नाणं

डब्यात अकरा चांदीची नाणी होती, सगळी दादाने ऑनलाइन लिलावात निम्म्या भावात जिंकलेली. बारावं आईने बाळाच्या पाण्याच्या भांड्यात टाकलं होतं. बाळाला वरचं पाणी सुरू झाल्यापासून ते तिथेच होतं. आमच्या घरात तान्ह्यांना चांदीचंच पाणी देतात. मी वजनकाटा काढला तसा दादा म्हणाला, “स्वस्तात मिळाली म्हणून पोटात दुखतंय तुझ्या.” “सुम्ने, उगाचच संशय घेते ही,” आई हसली. वहिनी हसली नाही. बाळ हल्ली नीट खात नव्हतं, चिडचिडं झालं होतं. आमच्या अग्रहार वस्तीतल्या डॉक्टरांना कारण सापडत नव्हतं. तिनेच भांड्यातलं नाणं काढून माझ्या हातात दिलं. कडेचा मुलामा उडाला होता. मी ते आधी कोरडं तोललं, मग दोऱ्याने पाण्यात सोडून. चांदीची घनता साडेदहाच्या आत असते, शिशाची अकराच्या वर. नाण्याची आली अकरा पूर्णांक दोन.