शेवटच्या वर्षाची फी

अर्धांगवायूने आईची डावी बाजू गेली, तेव्हा ताई कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेजचा नियम सरळ होता: मध्ये खंड न पाडता, वेळेत पदवी घेणाऱ्याला शेवटच्या वर्षाची फी परत. "तू जरा थांब गं राणी. ते पैसे हातात आले की लगेच तुझं नाव घालू," असं ताई म्हणाली आणि धाकटीने मिळालेला प्रवेश सोडून घर अंगावर घेतलं. आईला कुशीवर वळवणं, पाठीला जखमा होऊ न देणं, ठसका लागणार नाही इतका मऊ घास करणं, सगळं ती शिकली. ताईच्या खोलीपर्यंत मात्र तिने कशाचीच झळ पोहोचू दिली नाही.

ताई वेळेत पदवीधर झाली, फीही परत आली. सत्काराच्या वेळी प्राचार्यांनी यशाचं रहस्य विचारलं, तशी ती माइकवर म्हणाली, "अडचणी कुणाच्या घरी नसतात, सर? सबबी सांगायच्या नाहीत, बस्स." टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्या संध्याकाळी आईला सूप भरवता भरवता धाकटीने चाचरत विषय काढला, "आई, आता माझा फॉर्म भरूया ना?"

तिने तोंड पुसून देईपर्यंत आई थांबली.


"ते पैसे ताईच्या पुढच्या शिक्षणाला राहू देत. तुला खरंच आवड असती, तर एवढी वर्षं अशी घरी बसली असतीस का?"