आमचा आरसा, आमची खुर्ची

बाळाला कडेवर घेऊन माहेरच्या खोल्यांतून फिरताना मी आरशावरची चिठ्ठी वाचून थबकले. घरी घेत असलेल्या स्पॅनिशच्या शिकवणीसाठी आईने घरभर वस्तूंवर स्पॅनिशमध्ये चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या: आमचा आरसा, आमची खुर्ची. आपल्यासारखंच स्पॅनिशमध्येही 'आमचा-आमची' वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलतं, आणि बाबांना ते ऐकून ऐकून झोपेतही यायचं. पण आई गेल्यावर त्यांनी स्वतः नव्याने लिहिलेल्या चिठ्ठ्यांत आरशाची बाई झाली होती आणि खुर्चीचा बुवा.

"बाबा, हल्ली विसरायला होतं का हो तुम्हाला?"

"छे गं! बरोबर लिहिलं की तुझी आई ढुंकूनही बघायची नाही. चुकलं, की हातातलं काम टाकून भांडायला यायची."