डाव्या बुटाची करंगळी

प्रणिताला ऑली जमली. म्हणजे स्केटबोर्डवर उभं राहून, हात न लावता, बोर्डासकट हवेत उडी. जमली, आणि तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं की असं काही झालेलं नाही. तेव्हा आपणही ते विसरू आणि थोडं अलीकडून सुरुवात करू. रविवारची सकाळ, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या अपार्टमेंटचं तळघर, आणि नवऱ्याचा बूट हातात घेऊन बसलेली प्रणिता.

योगीराज नुकताच पडला होता. घोटा चोळून द्यावा म्हणून तिने त्याचा डावा बूट काढला, तर करंगळीपाशी भोक. बाकी बूट ठणठणीत.

"हे काय?"

"उंदीर असेल."

बोर्डाच्या पाठीवर पॉलिश पेपरसारखा खरखरीत कागद असतो. उडी नीट मारली, तर पुढचा पाय त्याच्यावर घासत जातो आणि बूट नेमका करंगळीपाशी झिजतो. हे तिला माहीत होतं. दोघांनी एकाच रजईत बसून सगळे व्हिडिओ बघितले होते. तिचा डावा बूट त्या जागी अजून शोकेसमधून काढल्यासारखा होता.

"कोण आहे?" तिने विचारलं.

योगीराजने समोरच्या खांबाकडे बघितलं. खांबावर बी-१४ लिहिलं होतं. त्याने ते पुन्हा एकदा वाचलं.

"मोहनकुमार. आमच्या टेस्टिंगमधला."

"कधीपासून?"

"उगादीपासून."

"कुठे?"

"ऑफिसच्या गच्चीवर. लंच टाइममध्ये. हे बघ, तू समजलीस तसं काही नाही..." तो थांबला. "नाही, तसंच आहे."

"मग डबा कधी खात होतास?"

"तो खात होता. फी म्हणून." गप्प बसायची ही उत्तम वेळ होती. "तुझी शेंगदाण्याची चटणी त्याला फार आवडते."

प्रणिताने बूट जमिनीवर ठेवला, फार सावकाश.

"म्हणजे तुला ऑली येते."

"येते की."

"मग आत्ता पडलास ते?"

"मुद्दाम."

"मागच्या रविवारी?"

"मुद्दाम."

"आणि गणपतीत? हात प्लॅस्टरमध्ये होता तेव्हा?"

"ते खरंच. मुद्दाम पडायला गेलो आणि जरा जास्त पडलो."

त्या प्लॅस्टरपायी तिने त्याच्या शर्टाची बटणं लावून दिली होती, भात कालवून दिला होता, आणि निपाणीला आईला फोन करून आनंदाने सांगितलं होतं, "आई, आम्हाला दोघांनाही येत नाही!"

"पण का?"

"तुला एकटीला पडावं लागलं असतं ना."

या शहरात सगळ्यांना सगळं येत होतं. वरच्या मजल्यावरची भाग्यलक्ष्मी नोकरी सांभाळून वीणा वाजवायची. समोरचे लोक शनिवारी डोंगर चढायचे आणि सोमवारी ताजेतवाने दिसायचे. हे तळघर तेवढं असं होतं, जिथे दोघांना मिळून काही येत नव्हतं. आता कळलं, की इथेही ती उगादीपासून एकटीच होती.

"शिकवतो," योगीराज म्हणाला. "सोपं आहे."

सोपं हा शब्द तळघरात जरा घुमला.

"आपण मागचं टोक आपटतो आणि पुढचा पाय तिथेच दाबून ठेवतो. मग बोर्ड उडणार कसा? वर आपणच उभे. पाय मुद्दाम घासायचाच नाही. टोक आपटलं की पुढचा गुडघा छातीकडे घ्यायचा, आणि घोटा सैल सोडायचा, करंगळीच्या अंगाला. मग पाय आपोआप घासत वर जातो, बोर्ड मागोमाग येतो."

"मोहनकुमार म्हणाला?"

"हो."

"चटणी खाता खाता?"

योगीराज उठला. "स्वल्प थांब, बर्फ आणतो."

"कुणाला?"

दोघांनीही यावर विचार केला.

"सवय," तो म्हणाला, आणि एका पायात बूट, एका पायात मोजा, अजिबात न लंगडता लिफ्टकडे गेला.

प्रणिता रागातच बोर्डवर चढली. टोक आपटलं, गुडघा उचलला, घोटा सैल सोडला. खर्र. बोर्ड पायाला चिकटून वर आला, एखाद्या घरच्या मांजरासारखा, आणि क्षणभर ती, बोर्ड आणि तिचा सगळा राग जमिनीवर नव्हते. मग चारही चाकं एकदम टेकली.

तिने लिफ्टकडे तोंड करून "योगी" मधला "यो" म्हटला. मग तोंड मिटलं.

लिफ्टचं दार उघडलं तेव्हा ती घोटा धरून जमिनीवर बसली होती.

"पडलीस?"

"पडले."

"होईल गं. होईल." त्याने तिच्या धडधाकट घोट्यावर बर्फ धरला. तिने डावा बूट हळूच उजव्या मांडीखाली घेतला. करंगळीपाशी एक बारीकसा ओरखडा उठला होता.

दुपारी तिने असोसिएशनच्या ॲपवर अर्ज टाकला. या असोसिएशनने लिफ्टमधल्या पंख्याबद्दलच्या अर्जालाही अजून उत्तर दिलेलं नव्हतं.

"मा. सेक्रेटरी, बी-१४ खांबासमोरील कॅमेऱ्यात आज सकाळी काहीही घडलेले नाही. तरी सदर चित्रण कायमचे पुसून टाकावे. पुसण्यापूर्वी एकदा अर्जदारास एकटीला दाखवावे, ही नम्र विनंती."