विस्तवावर पाणी

सोमवारी सकाळी सव्वासहाला रिगोबेर्तो काअलने मावशीच्या विस्तवावर बादलीभर पाणी ओतलं. राळेचा धूर फसकन वर आला आणि विरला.

विस्तव पडक्या मंदिराच्या पायथ्याशी, कोरीव शिलाखांबापुढे होता. शेजारी टोपलीत गावाचं मक्याचं बियाणं. पेरणीआधी डोंगराच्या धन्याला विचारायचं ते इथेच. विस्तव आपला आपण शांत झाला तर होकार. मध्येच विझला तर नकार. नकार आला की बी मातीत जात नाही.

मावशी, क्रिसांता चोक, उकिडवी बसली होती. ओली राख तिच्या घागऱ्यावर उडाली होती.

"नियम आहे, मावशी," रिगोबेर्तो म्हणाला. अंगावर पहारेकऱ्याचा गणवेश होता. "धुराने दगड काळा पडतो. पुरातत्त्वाच्या कचेरीचा हुकूम आहे."

"तुझ्या आजोबाने इथंच राळ जाळली. त्याच्या आजोबानंही. तेव्हा काय दगड गोरा होता?"

तिच्या मागे बसलेल्या गावच्या म्हाताऱ्यांपैकी कुणीतरी हसलं. क्रिसांता हसली नाही.

"कुंपण घातलंत, बोललो नाही. आपल्याच देवाकडे फाटकातून यायला लावलंत, आलो. तोंडाने सांगायचंस, मावशी, आवर. आवरलं असतं. पाणी कसं ओतलंस रे? परक्याच्या घरी जन्मलास काय?"

"साहेबांची गाडी दिसली. बादली हाताशी होती."

"मग आता एवढंच सांग. हा नकार डोंगराचा, की तुझ्या साहेबाचा?"

"मला काय विचारतेस?"

"ज्याने पाणी ओतलं, त्यालाच विचारणार."

रिगोबेर्तोने रिकामी बादली उचलली. म्हातारे टोपली घेऊन फाटकाबाहेर पडले. क्रिसांता शेवटी उठली. राखेला तिने हात लावला नाही.

दुपारी हॉटेलचे पाहुणे आले. त्याच शिलाखांबापुढे पिसांचे टोप घातलेल्या भाडोत्री नाच्यांनी चार पलिते रोवले. माया लोकांची प्राचीन अग्निपूजा, असं त्यांच्या म्होरक्याने सांगितलं. त्यांच्याकडे कचेरीचा परवाना होता. पलित्यांची काजळी खांबावरच्या राजाच्या तोंडावर बसत होती. काडेपेटी तेवढी ते येताना विसरले होते. पलिते पेटवायला त्यांनी ती रिगोबेर्तोकडे मागितली होती.

"मागितली, म्हणून दिली," त्याने संध्याकाळी बायकोला सांगितलं. तिने त्याच्यापुढे घेवड्याची वाटी आणि मक्याच्या भाकरी ठेवल्या, आणि स्वतः जेवायला बसली नाही.

तेव्हापासून गावात दोन तट आहेत. काही म्हणतात, नकार तो नकार. पाणी कुणाच्याही हातून येवो, पाठवणारा धनीच. काही म्हणतात, कचेरीला धनी कुणी केलं? पुन्हा पेटवू. पण फाटकाला आता कुलूप आहे, आणि किल्ली रिगोबेर्तोच्या कमरेला.

रानं जाळून तयार आहेत. टोकणीच्या काठ्या भिंतींना टेकलेल्या आहेत. गुरुवारी दुपारपर्यंत एकही दाणा मातीत गेलेला नाही. रिगोबेर्तोच्या रानातही नाही. त्याच्या बायकोने घरचं बियाणं क्रिसांताच्या घरी, गावाच्या बियाण्याजवळ नेऊन ठेवलं आहे. तिथे बियाण्यापुढे मेणबत्ती लावून रोज संध्याकाळी सगळे बसतात. कामावरून सुटला की रिगोबेर्तोही जातो आणि दाराबाहेर उभा राहतो. दार उघडंच असतं. त्याला अजून कुणी आत ये म्हटलेलं नाही.