दाराच्या फटीतला स्वेटर

यादीत सगळं होतं. चष्मा, घड्याळ, फोन, वहाणा, जेवणाचा डबा. सीमेवरच्या तपासणी नाक्याचा अधिकारी एकेक वस्तू टेबलावर ठेवत गेला आणि ती यादीवर खुणा करत गेली. स्वेटर नव्हता.

"राखाडी रंगाचा," ती म्हणाली. "हातानं विणलेला. आईनं तेवढाच मागितलाय."

तीन दिवसांपूर्वी तिचे वडील इथल्याच रांगेत, ट्रकच्या स्टीअरिंगवर डोकं टेकवून गेले होते. ट्रक अजून आवारात उभा होता. बदली ड्रायव्हर सकाळीच आला होता, साधारण वडिलांच्याच वयाचा. माल जिथून भरला होता त्या नर्सरीत त्याने फोन लावला. बोलणं झाल्यावर तिच्याकडे न बघता तो म्हणाला की स्वेटर आत आहे, मालाबरोबर. मागच्या दाराचं रबर एका जागी फाटलंय. कलमांना वारा लागू नये म्हणून वडिलांनी अंगातला स्वेटर काढून त्या फटीत कोंबला. मग दार लागलं, त्यावर सील लागलं.

तिघंही ट्रकच्या मागे गेली. दाराच्या कडीत अंगठ्याएवढं सील होतं. आत फळझाडांची चार हजार कलमं होती. शेजारचा देश ओलांडून त्याच्या पुढच्या देशात जायची होती. तिन्ही देशांचा करार झाल्यापासून सीलबंद गाडी वाटेत कुणी उघडत नसे. त्याआधी प्रत्येक सीमेवर माल उतरायचा, तपासला जायचा, दुसऱ्या गाडीत चढायचा. कलमं म्हणून निघालेली झाडं सरपण होऊन पोचायची.

अधिकाऱ्याने पक्कड मागवली. सील तोडायला दोन मिनिटं पुरतील, म्हणाला. मग थोडं थांबून नियमही सांगितला. सील तुटलं की थेट जायचा परवाना रद्द. माल इथे उतरणार, पुढच्या सीमेवर पुन्हा उतरणार. तीन दिवस मोडतील.

मुळांभोवतीचं गोणपाट किती दिवस ओलं राहतं, तिने विचारलं. आणखी चार दिवस, ड्रायव्हर म्हणाला. आणि वाट किती दिवसांची? तीन. तिने मनातच बेरीज केली. तीन आणि तीन, सहा.

"तुम्ही म्हणाल तसं करू," अधिकारी म्हणाला. "बाकी तुमच्या वडिलांनी मला सीलला कधी बोट लावू दिलं नाही."

ड्रायव्हर हसला. "बोट? आम्ही त्यांना वैद्यबुवा म्हणायचो, ताई. दर थांब्यावर खाली उतरून सीलची नाडी बघायचे."

तीही थोडं हसली. मग वाकून तिने दाराचा खालचा कोपरा पाहिला. रबर फाटलं होतं तिथून लोकरीचा एक धागा बाहेर आला होता, वीतभर. तिने तो दोन बोटांत धरला. मग बोटाने धागा हळूहळू आत सारला, पार दिसेनासा होईपर्यंत.

"जाऊ द्या गाडी," ती म्हणाली.

पक्कड परत गेली. माल उतरला की स्वेटर मी स्वतः काढून घेईन, ड्रायव्हर म्हणाला, आठव्या दिवशी तुमच्या दारात आणून देतो. त्याने तिच्याकडून पत्ता लिहून घेतला आणि कागद वरच्या खिशात ठेवला.

ट्रक फाटकातून पलीकडे गेल्यावर तिने आईला फोन लावला. सगळं सांगितलं, एका दमात. फोनमधून घरातल्या नळाचा आवाज येत होता, मग तो बंद झाला.

"तिकडे थंडी असते का गं?"

"असते, आई. कडाक्याची."

"मग परत कशाला आणायचा? राहू दे तिकडेच. फक्त वरचं बटण सैल आहे. कुणी घालणार असेल, तर आधी शिवून घ्या म्हणावं."