पाचाची तिप्पट

"एका गुणाने गेलीस, टूरिल." गुडलॉगने उत्तरपत्रिका टेबलावरून पुढे सरकवली.

लाल रेघेखाली टूरिलचं उत्तर होतं: क्ष + १५. शेजारी गुडलॉगने लिहिलं होतं: ३(क्ष + ५).

टूरिल बघत राहिली. तीस वर्षं कॉड मासे कापून तिची बोटं वाकडी झाली होती. गेल्या वर्षी कारखाना बंद पडला. वृद्धाश्रमात मदतनीस व्हायचं तर गणित सुटायला हवं होतं, आणि प्रौढांच्या वर्गातली ही तिची शेवटची संधी होती.

"प्रश्न मोठ्याने वाच," गुडलॉग म्हणाली. निवृत्तीला आलेली ही शिक्षिका आता प्रत्येकाला समोर बसवून चूक समजावून सांगायची.

"एक संख्या," टूरिल क्षणभर थांबली, "आणि पाचाची तिप्पट."

"मध्येच थांबू नकोस. संख्या आणि पाच, दोघांची मिळून तिप्पट."

"पण 'मिळून' कुठे लिहिलंय?" टूरिलने विचारलं. "समजा, 'योरुन आणि हेल्गेची आई जेवायला येणार' असं म्हटलं, तर किती ताटल्या मांडाल? त्यांची दोघांची आई एकच असेल तर एक. नाहीतर दोन: एक योरुनची आणि एक हेल्गेच्या आईची."

गुडलॉग हसायला गेली, पण हसू आलं नाही. तिने वाक्य पुन्हा वाचलं. एकदा सलग, एकदा थांबून. दोन्ही उत्तरं बरोबर होती. वाक्य तिचं स्वतःचं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिने ते रचलं होतं आणि तेव्हापासून दरवर्षी परीक्षेत घालत आली होती.

तिने लाल रेघ खोडली. गुण वाढवले आणि खाली 'उत्तीर्ण' लिहिलं.

"चूक माझी होती," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत कुणी बोललं कसं नाही?"

टूरिलने उत्तरपत्रिका घडी करून पिशवीत ठेवली.

"मी सोळा वर्षांची असताना याच शाळेत होते. तेव्हा माझं आडनाव वेगळं होतं, तुम्हाला आठवणार नाही. हाच प्रश्न होता. मी हेच उत्तर लिहिलं आणि एका गुणाने नापास झाले. पुढच्या सोमवारी कारखान्यात लागले."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" गुडलॉगने विचारलं.

"तेव्हा तुम्ही वाचायला सांगितलं नाहीत," टूरिल म्हणाली.